पाय टेकले, पुढे?

मोटारसायकलच्या शोरूममध्ये कमी उंचीच्या गिऱ्हाइकाची परीक्षा पहिल्या मिनिटातच उरकते. गिऱ्हाईक सीटवर बसतं, विक्रेता वाकून त्याच्या टाचा बघतो आणि त्या अधांतरी दिसल्या की अदबीनं दुसऱ्या गाडीकडे हात करतो. ‘‘सर, ती बघा. तिची सीट लो आहे.’’ गिऱ्हाईक बाई असेल तर तोच हात थेट स्कूटरच्या रांगेकडे वळतो. मग घरी माहितीपत्रकं चाळणं सुरू होतं आणि सगळा शोध एका आकड्यावर येऊन ठेपतो, सीटची उंची. मीटिऑर ३५० ची ७६५ मिलिमीटर, स्प्लेंडरची ७८५, हंटरची ७९०, क्लासिक ३५० ची ८०५, नव्या हिमालयनची ८२५. आपली उंची आठवायची, आकडा बघायचा आणि सुस्कारा टाकायचा.

मला या आकड्याचा राग आहे. तो खोटा नाही, पण अर्धवट आहे आणि अर्धवट असूनही सगळ्यात मोठ्यानं बोलतो. बजाजची प्लॅटिना ११० घ्या. कागदावर तिची सीट ८०७ मिलिमीटर, म्हणजे क्लासिकपेक्षा दोन मिलिमीटरनं उंचच. तरी पाच फूट दोन इंचांचा माणूस मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं आणि हँडलला भाजीची पिशवी अशा थाटात प्लॅटिना हाकतो आणि क्लासिकवर बसला की चवड्यांवर येतो. प्लॅटिना मांड्यांच्या मधे अरुंद आहे, वजनानं सव्वाशे किलोच्या आत आहे. क्लासिक १९५ किलोंची. पाय सीटवरून सरळ खाली जात नाही. आधी बाजूला जातो, मग खाली. सीट पुढच्या अंगाला जितकी रुंद, तितका पाय बाजूला जाण्यातच खर्ची पडतो. ही रुंदी माहितीपत्रकात नसते. स्वार बसल्यावर स्प्रिंगा दबून गाडी किती खाली येते तेही नसतं. ऐंशी किलोंच्या माणसाखाली ती जेवढी दबते तेवढी पंचेचाळीस किलोंच्या मुलीखाली दबत नाही. म्हणजे ज्याला गाडी खाली यायला हवी, त्याच्याच वाट्याला ती जास्त उंच येते.

भारतीय बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे, पुरुषाची पाच फूट पाच इंचांच्या. तेव्हा हा चार-दोन ठेंगण्यांचा रडका प्रश्न आहे असं कुणी समजू नये.

दुचाकीवर पायाला तीन ठिकाणं असतात : जमीन, फूटरेस्ट आणि गिअर-ब्रेकच्या पट्ट्या. शोरूममध्ये चौकशी होते ती फक्त पहिल्या ठिकाणाची. पुण्याहून कोल्हापूरला निघालेला माणूस वाटेत जमिनीला किती वेळा पाय लावतो? दोन सिग्नल, एक पेट्रोल पंप, एक चहा. बाकी सगळा वेळ पाय फूटरेस्टवर असतो, गुडघा एका कोनात अडकलेला असतो आणि घोटा पट्टी शोधत असतो. गाडी निवडताना मात्र आपण थांबलेल्या पायाचंच ऐकतो.

आता त्या थांबलेल्या पायाचंही नीट बघू. पुण्यातल्या नळस्टॉपच्या सिग्नलला फुटपाथवर उभं राहून चेहऱ्यांऐवजी पाय बघावेत. उंच स्वार दोन्ही पाय खाली सोडून मोबाइल काढतो. त्याच्या शेजारची मुलगी सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून दोन्ही चवड्यांवर उभी असते, पोटऱ्या ताणलेल्या, नजर सिग्नलच्या आकड्यांवर. तिच्यापलीकडे पन्नाशीचे एक ठेंगणे काका डावीकडच्या फुटपाथच्या कडेला बरोब्बर गाडी लावून दगडावर डावा पाय ठेवून आरामात असतात. काकांनी हे कुठल्या वर्गात शिकलेलं नसतं, वर्षानुवर्षांच्या रहदारीनं शिकवलेलं असतं. आणखी एक जण पाय खाली टाकायला जातो तर फूटरेस्टचं टोक नडगीवर आपटतं; पाय त्याच्या मागून टाकावा तर तो लांब पडतो, पुढून टाकावा तर गिअरच्या पट्टीत पँट अडकते.

ही नडगीची गोष्ट मोलाची आहे. फूटरेस्ट नेमका पाय सरळ पडतो त्या जागी असेल तर स्वाराला तो ओलांडून पाय टाकावा लागतो. पाय फाकतो आणि दोन-तीन सेंटिमीटरची पोच जाते. सीट तेवढीच, माणूसही तोच, पण एका गाडीवर टाच टेकते आणि दुसरीवर नाही. म्हणून शोरूममध्ये बसल्यावर गाडीच्या दोन्ही अंगांनी पाय एकदा फूटरेस्टवर, एकदा जमिनीवर असे चार-सहा वेळा करून बघावेत. विक्रेता कंटाळला तर कंटाळू द्यावा.

त्यात आपला रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता करतात, शंभरात दोन-अडीच इतका उतार. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावा पाय नेहमी उताराच्या बाजूला पडतो. तेवढ्यानं साधारण एक सेंटिमीटर जातो. टाचेवर उभ्या असलेल्याला तो कळतही नाही. चवड्यावर उभ्या असलेल्याला तेवढ्यातच घाम फुटतो. शिवाय डांबराच्या थरावर थर चढून रस्त्याची कड साइडपट्टीपासून वीतभर वर आलेली असेल, तर अंधारात डावा पाय हवेत जातो आणि गाडी त्याच्यामागोमाग. कमी उंचीच्या माणसानं थांबायची जागा आधीच हेरायला हवी. डावीकडे उंचवटा असेल तर डावा पाय टाकायचा, कड तुटलेली असेल तर पुढचा ब्रेक धरून उजवा.

आणि पाय एकच टाकायचा. दोन्ही चवड्यांवर तोललेल्या माणसापेक्षा एक अख्खा तळवा टेकलेला माणूस जास्त घट्ट उभा असतो. त्यासाठी थांबता थांबता कुल्ला सीटवरून डावीकडे घसरवायचा. तसं केलं की दोन्ही मांड्या सीटला मिठी मारून राहत नाहीत, डावा पाय जवळजवळ पूर्ण लांबीनं खाली येतो, आणि उजवा पाय मागचा ब्रेक दाबून फूटरेस्टवरच राहतो. गाडी डावीकडे किंचित कलते. किंचितच कलली पाहिजे. कल वाढला की दोनशे किलोंचं ओझं एकदम मांडीवर येतं. अमेरिकेतली जॉसलिन स्नो ही पाच फूट एक इंच उंचीची स्वार बीएमडब्ल्यूची अगडबंब जीएस अॅडव्हेंचर याच पद्धतीनं चालवते.

या एका पायाच्या पद्धतीत एक अडचण आहे आणि ती शिकवणारे सहसा सांगत नाहीत. डावा पाय जमिनीवर असला की गिअर पडत नाही. दुसऱ्या गिअरवर गाडी थांबली आणि सिग्नल हिरवा झाला की ठेंगण्या स्वाराला डावा पाय उचलून उजवा टाकावा लागतो, मधे गाडी एका क्षणासाठी कुठल्याच पायावर नसते. मागून हॉर्न सुरू झालेले असतात. उपाय साधा आहे : चाकं थांबायच्या आत पहिल्या गिअरवर यायचं आणि क्लच धरून ठेवायचा. जुन्या बुलेटवर गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे होता, तेव्हा हे सगळं उलटं. त्या बुलेटला किक मारताना मात्र ठेंगण्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. गाडी स्टँडवर घेऊन वर चढून मारावी लागे.

वेगाच्या जगातला सगळ्यात प्रसिद्ध ठेंगणा म्हणजे स्पेनचा दानी पेद्रोसा. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच, वजन पन्नासच्या आसपास. त्यानं १२५ आणि २५० सीसीची मिळून तीन जगज्जेतेपदं जिंकली आणि मोटोजीपीच्या सर्वोच्च वर्गात ३१ शर्यती. तिथलं जगज्जेतेपद त्याला कधी मिळालं नाही, तीनदा दुसरा आला. शर्यतीच्या गाडीवर फूटरेस्ट मागे आणि वर असतात, उंच स्वाराला तिथे गुडघे दुमडून कोंबावे लागतात. पेद्रोसासारख्याचे पाय त्या जागेत आपसूक बसतात.

याचा रस्त्यावरच्या माणसाला उपयोग आहे. आर१५ सारख्या गाडीवर सीट ८१५ मिलिमीटर, सिग्नलला चवडे आलेच. पण गाडी सुटली की आखूड पायांचा माणूस तिथे सहा फुटांच्या माणसापेक्षा सुखी असतो. तिथली तक्रार मनगटांची असते, ती वेगळी.

उलट गंमत क्रूझरची. ‘कमी उंचीसाठी हीच घ्या’ असा सल्ला ज्या गाडीबद्दल हमखास मिळतो ती म्हणजे अॅव्हेंजर. २००१ मध्ये कावासाकी-बजाज एलिमिनेटर आली, तिच्यापासून २००५ मध्ये अॅव्हेंजर झाली. सीट ७३७ मिलिमीटर. कुणीही बसावं, दोन्ही तळवे जमिनीवर. शोरूमच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. पण तिचे फूटरेस्ट पुढे आहेत. सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाला पाय त्यांच्यापर्यंत न्यायचे तर गुडघा जवळजवळ सरळ करावा लागतो, कंबर मागे वळते आणि भार माकडहाडावर येतो. ब्रेक पुरा दाबायचा तर सीटवरून पुढे सरकावं लागतं. पुढे सरकलं की पाठीचा आधार सुटतो. अर्ध्या तासात कळत नाही, लोणावळ्यापर्यंत कळतं.

आणि आपल्याकडे स्पीडब्रेकर आहेत. पांढरा पट्टा नसलेले, गावातल्या मंडळानं रातोरात घातलेले, शाळेपुढचे पाठोपाठ तीन. पाय गुडघ्यांखाली असतील तर माणूस क्षणभर सीटवरून उठून अंग फूटरेस्टवर तोलतो आणि धक्का मांड्या झेलतात. पाय पुढे पसरलेले असतील तर उठताच येत नाही. सगळा हिसका मणक्यात. लांब पायांच्या माणसालाही तो बसतो, पण ज्याचा गुडघा आधीच सरळ झालेला आहे त्याच्याकडे वाकायला काही शिल्लकच नसतं. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर फूटरेस्ट बुडाखाली असावेत, फार तर चार बोटं पुढे, हे माझं स्पष्ट मत आहे. गुडघ्याचा कोन काटकोनाहून जरा मोकळा, टाच खाली लोंबणार नाही, आणि मांड्यांनी टाकी धरता येईल. टाकी धरली की हातांवरचा भार बराच कमी होतो, हे ज्याला जमलं त्याला कुणी सांगावं लागत नाही.

तिसरं ठिकाण पट्ट्यांचं, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. उंची कमी असलेल्या माणसाचं पाऊलही बहुधा लहान असतं. फूटरेस्टपासून गिअरच्या रबरापर्यंतचं अंतर आठ-नऊ नंबरच्या बुटाच्या बेतानं ठेवलेलं. चार नंबरची चप्पल घालणाऱ्या बाईनं पाऊल मधोमध ठेवलं तर अंगठा रबराच्या अलीकडेच राहतो. मग ती प्रत्येक गिअरला पाऊल पुढे सरकवते, परत मागे घेते. किंवा पाऊल कायमचं पुढे ठेवते आणि टाच फूटरेस्टवर टेकवते. हे सगळं नकळत चालतं. संध्याकाळी नडगीच्या बाहेरच्या अंगाला जो ठणका लागतो त्याचा आळ सीटवर जातो.

कम्यूटर गाड्यांच्या टाच-चवडा गिअरचं तर विचारू नका. स्प्लेंडरला चारही गिअर चवड्यानं पुढची पट्टी दाबून पडतात आणि गिअर उतरवायचा तो टाचेनं मागची पट्टी दाबून. मोठं पाऊल फूटरेस्टवर झोपाळ्यासारखं पुढे-मागे झुलतं आणि काम होतं. लहान पावलाची टाच मागच्या पट्टीपर्यंत पोचतच नाही, अख्खा पाय उचलून मागे न्यावा लागतो. अशा वेळी मागच्या पट्टीचा नाद सोडावा आणि चवड्यानं पुढची पट्टी खालून वर उचलून गिअर उतरवावा. बुटाला वरून काळा डाग पडेल, एवढंच.

पट्टी जागची हलवता येते, हे कित्येकांना गाडी विकेपर्यंत ठाऊक नसतं. ज्या गाडीला गिअरची जोडदांडी असते, तिच्या दोन्ही टोकांना लॉकनट असतात. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. ते सैल करायचे (एका टोकाचे आटे बहुधा उलटे असतात, जोर लावण्याआधी बघावं), दांडी बोटांनी फिरवायची, की पट्टी वर-खाली होते. जोडदांडी नसेल तर पट्टी थेट दातेरी दांड्यावर बसलेली असते. बोल्ट काढून ती ओढायची आणि एक दात खाली-वर करून परत बसवायची. किती? गाडी डबल स्टँडवर घ्या, रोजचे बूट किंवा चप्पल घालून बसा, पाय जिथे आपोआप पडतो तिथे पडू द्या. घोटा न उचलता अंगठ्याची वरची बाजू रबराखाली गेली की जमलं. ब्रेकचंही तेच. पट्टी इतकी वर नको की ती दाबायला पाऊल फूटरेस्टवरून उचलावं लागेल. मात्र तिची उंची बदलल्यावर मागचं चाक हातानं फिरवून ते मोकळं आहे ना, आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो ना, हे पाहूनच रस्त्यावर यायचं. हे सगळं करायला गॅरेजवाला चहाच्या पैशांपेक्षा जास्त घेत नाही, कधी तेवढेही घेत नाही.

जाड तळव्याचे बूट घेऊन दोन सेंटिमीटर मिळवणारे बरेच आहेत. मिळतात, पण तोच जाड तळवा गिअरच्या पट्टीखाली शिरत नाही. बूट बदलला की पट्टीही एक दात वर घ्यावी लागते.

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांचा बाजार आहे आणि त्यातच सीट बांधणारे कारागीर. एक मुलगी आपली क्लासिक घेऊन आली होती.

‘‘दादा, दोन इंच खाली करून द्या.’’

‘‘ताई, दोन इंच काढले तर तळावर बसाल. पहिल्याच खड्ड्यात शिव्या द्याल मला.’’

त्यानं तिला गाडीवर बसवलं, मांड्या जिथे सीटला लागत होत्या तिथे दोन्ही बाजूंना खडूनं रेघ ओढली आणि सीट काढून उलटी केली. रेक्झिनच्या पिना पकडीनं एकेक उपटल्या. पिवळा फोम उघडा पडल्यावर हॅक्सॉचं नुसतं पातं हातात धरून त्यानं पुढच्या दोन्ही कडा तिरक्या उतरवल्या, वरून मात्र एक बोटभरच काढला, आणि घासणीचं चक्र फिरवून सगळं गुळगुळीत केलं. दुकानभर पिवळी भुकटी. रेक्झिन न चढवताच सीट गाडीवर ठेवून तो म्हणाला, ‘‘बसा.’’ ती बसली आणि खाली बघायला लागली. टाचा पूर्ण टेकल्या नव्हत्या, पण तळव्याचा फुगीर भाग दोन्हीकडे पक्का बसला होता. कडा गेल्या होत्या, उंची जवळजवळ तेवढीच होती.

हा कारागीर बरोबर होता. सीट खाली आणली की जमीन जवळ येते, तसा फूटरेस्टही जवळ येतो आणि गुडघा जास्त दुमडतो. कडा उतरवल्या तर जमीन जवळ येते आणि गुडघा आहे तसाच राहतो. पैसे खर्चायचेच असतील तर आधी इथे खर्चावेत.

त्यापुढची पायरी शॉकअपची. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगेला खाचांची चकती असते. सी-पान्यानं ती सगळ्यात मऊ खाचेवर आणली तर हलक्या स्वाराखाली गाडी थोडी अधिक बसते. फुकटचं काम. काही जण याहून पुढे जातात, मागची जोडपट्टी बदलतात, पुढचे फोर्क वर सरकवतात आणि अख्खी गाडी दीड-दोन इंच खाली आणतात. तसं करताना पुढचं आणि मागचं टोक सारखंच उतरवावं लागतं. नुसतं मागचं उतरवलं तर हँडल सुस्त होतं, नुसतं पुढचं उतरवलं तर चंचल. आणि साइड स्टँड विसरला जातो. गाडी खाली आली पण स्टँड तेवढाच राहिला, तर ती जवळजवळ ताठ उभी राहते आणि वाऱ्याच्या झुळकीनं उजवीकडे आडवी होते. स्टँड तेवढाच कापून पुन्हा वेल्ड करून घ्यावा लागतो. शिवाय गावाकडचे स्पीडब्रेकर गाडीच्या पोटाला लागायला लागतात ते वेगळंच.

बाईच्या पायांची मोटारसायकलवर सोय केलेली होती आणि आहेही, पण मागे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं निम्मं चाक झाकणारी जाळी सक्तीची आहे. तिला आपण साडीगार्ड म्हणतो, आणि तिच्याच अंगाला दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसणारीसाठी फळी असते. पुढच्या सीटवर बसणाऱ्या बाईचं पाऊल केवढं असेल, याचा तेवढा बारकाईनं विचार झालेला दिसत नाही. तो विचार झाला तो लूनाच्या बाबतीत, तोही बहुधा ठरवून नव्हे. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकनं ती आणली. मधे टाकी नाही, गिअर नाही, पायाखाली सायकलसारखी पॅडलं. पाय हवा तिथे. स्कूटरवरही तेच सुख असतं, सपाट पाटावर पाऊल पुढे-मागे कुठेही ठेवा. अॅक्टिव्हाची सीट मीटिऑरएवढीच उंच आहे आणि रुंद पाटामुळे तिच्यावर पाय बरेच फाकतात, तरी तिला कुणी उंच म्हणत नाही. गिअरसाठी अमुकच जागी पाऊल ठेवा असा हट्ट ती धरत नाही, म्हणून.

म्हणून मुली स्कूटरवर गेल्या, यात नवल नाही. ज्यांना मोटारसायकलच हवी होती त्यांनी आपापली वाट काढली. २०११ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘बायकर्नी’ या बायकांच्या गटात आज कितीतरी जणी मोठाल्या गाड्या चालवतात. २०२३ मध्ये रमिला लटपटे नऊवारी नेसून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. नऊवारीत घोड्यावर मांड टाकता येते तशी मोटारसायकलवरही येते, पाचवारीत येत नाही.

उंच गाडीवर चढण्याची युक्तीही घोडेस्वाराचीच आहे. साइड स्टँड लावलेला ठेवून डाव्या फूटरेस्टवर रिकिबीसारखा पाय द्यायचा, उभं राहायचं आणि उजवी तंगडी पलीकडे टाकायची. रोज मात्र करू नये, स्टँडचा जोड वाकतो. आणि मागे कुणी बसणार असेल तर त्यानं स्वार पक्का बसल्यावर, सांगूनच चढावं. उतरताना आधी त्यानं उतरावं. न सांगता एका बाजूनं चढणारा सत्तर किलोंचा भाऊजी चवड्यावर उभ्या असलेल्या स्वाराला गाडीसकट झोपवतो.

राहता राहिलं गाडी ढकलणं. बसल्या बसल्या चवड्यांनी रेटून गाडी मागे घेणं ठेंगण्या माणसाला जमत नाही, आणि ढाब्यापुढे सगळ्यांनी नाक उताराकडे करून गाड्या लावलेल्या असतात. आपली आल्या आल्याच वळवून, मागचं चाक उताराकडे करून, पहिल्या गिअरमध्ये लावावी. उतरून ढकलायची वेळ आलीच तर डावीकडे उभं राहायचं, कंबर सीटला टेकवायची, उजवा हात मागच्या दांडीला, डावा हँडलला, आणि गाडी आपल्या अंगावर थोडी कलती ठेवायची. पलीकडे कलली तर सोडून द्यावी आणि बाजूला व्हावं. हँडल आणि आरसा बाजारात मिळतात.